कमरेचा दोर



दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या एक ताई संध्याकाळच्या वेळी घरी आल्या. ताई परतवाड्याला संत्र्याच्या मंडीत माल निवडायला जातात. हातात शाळेतून आलेला एक कागद होता. मुलगी नववीत शिकते. सुट्टीत चिखलदऱ्याला चार दिवसांचे गिर्यारोहणाचे शिबिर होते आणि त्यासाठी पालकांची संमती हवी होती. कारकुनाने भरलेला फॉर्म परत येत नाही असा आमच्या वस्तीचा समज आहे, त्यामुळे रेशनकार्डापासून शिष्यवृत्तीपर्यंतचे कागद माझ्याच ओट्यावर येतात. मी नेहमीप्रमाणे चष्मा चढवला, पेन काढले. तेव्हा ताई म्हणाल्या, "भाऊ, हा कागद भरासाठी नाही आणला. पोरगी बिमार हाय, येऊ शकत नाही, असं लिहून द्या."

मुलगी दारातच उभी होती. चौकटीला नख घासत हळूच म्हणाली, "काका, मी बिमार नाही."

आता काय करावे? पंचशीलातले चौथे शील माझ्या आड आले. खोटे लिहायचे नाही. पण ताईंना दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? त्यांच्या नकारामागचे कारण मला पक्के ठाऊक होते, कारण त्या कारणाचे सगळे अर्ज मीच लिहिले होते. त्यांचा धाकटा भाऊ पुण्याला बांधकामावर रंगकाम करायचा. 2016 साली पाचव्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि गेला. डोक्यावर टोपी नव्हती, कमरेला पट्टा नव्हता. ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमच्या हजेरीपटावरच नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली अर्ज केला, तारखा पडल्या, शेवटी थोड्याशा रकमेवर तडजोड झाली. तेव्हापासून ह्या घरात कोणी स्टुलावर चढून बल्ब बदलायला लागला तरी ताई खालून ओरडतात.

मी म्हटले, "ताई, खोटं मी लिहीत नाही. पण तुम्ही रविवारी विहारात या. एक सिनेमा पाहा. त्यानंतर तुम्ही जे खरं सांगाल ते लिहून देतो."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात मोठ्या टीव्हीवर एखादा चित्रपट दाखवतो. डॉ. जब्बार पटेलांचा बाबासाहेबांवरचा चित्रपट तर इतक्या वेळा दाखवला की पोरांना संवाद पाठ आहेत. ह्या वेळी 'पूर्णा' लावला. 2017 साली आलेला हा हिंदी चित्रपट राहुल बोस यांनी दिग्दर्शित केला आहे आणि पूर्णाची भूमिका अदिती इनामदार ह्या मुलीने केली आहे. पावणेदोन तासांचा चित्रपट. त्यात नाच नाही, मारामारी नाही, तरी सतरंजीवरचे एकही लेकरू उठले नाही.

ही कथा खरी आहे. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात पाकाला नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या शेतमजुरी करणाऱ्या लंबाडा, म्हणजे आपल्याकडच्या बंजारा समाजाच्या कुटुंबात मालावत पूर्णाचा जन्म झाला. समाजकल्याणाच्या निवासी शाळेत ती शिकायला गेली. शाळेतर्फे मुलांना भोंगीरच्या किल्ल्याखालचा अखंड कातळ चढायला नेले आणि ह्या मुलीच्या अंगातले बळ शिक्षकांच्या नजरेत भरले. पुढे दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण झाले, लडाखच्या थंडीत सराव झाला, आणि 25 मे 2014 रोजी वयाच्या तेराव्या वर्षी, चौदावे लागायला अवघे काही दिवस उरले असताना, ती जगातल्या सर्वात उंच शिखरावर उभी राहिली. एवढ्या लहान वयात एव्हरेस्ट चढलेली मुलगी तोवर जगात झाली नव्हती.

ह्या कामामागे कोण होते हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. आर. एस. प्रवीण कुमार हे दलित कुटुंबातून आलेले भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. 2012 साली त्यांनी मागून ह्या निवासी शाळांच्या संस्थेचे सचिवपद घेतले. मोठ्या पदावरचा माणूस सहसा समाजकल्याण खात्यात जायला नाखूष असतो. हे आपणहून गेले आणि 2021 साली नोकरीचा राजीनामा देईपर्यंत तिथेच राहिले. चित्रपटात त्यांची भूमिका राहुल बोस यांनीच केली आहे. शाळेतल्या निकृष्ट जेवणाला कंटाळून पळालेल्या पोरीमुळे त्यांना आहारातला भ्रष्टाचार कळतो, हा भाग आपल्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने पाहावा. वसतिगृहातले पातळ वरण आणि अळ्यांची भाजी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहे! तिथून एव्हरेस्टकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातूनच निघते, हे ह्या चित्रपटाने बरोबर ओळखले आहे.

पूर्णाची चुलत बहीण प्रिया हे ह्या चित्रपटातले सर्वात दुःखाचे पात्र आहे. दोघी मिळून शिकायची स्वप्ने पाहतात. पण प्रियाचे कोवळ्या वयातच लग्न लावून देतात आणि ती बाळंतपणात दगावते. हा प्रसंग आला तेव्हा विहारातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. डोंगरावर जाणाऱ्या मुलीला धोका आहे म्हणून आपण घाबरतो. घरी राहिलेल्या मुलीला धोका नसतो का? प्रिया कोणत्याही डोंगरावर गेली नव्हती.

आता एक तक्रारही मांडतो. पूर्णाबरोबर त्याच दिवशी आणखी एक विद्यार्थी शिखरावर पोहोचला होता. साधनापल्ली आनंद कुमार त्याचे नाव. तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातल्या चेर्ला गावचा दलित मुलगा. तोही निवासी शाळेचाच विद्यार्थी. चित्रपट पूर्णाच्या नावाचा असल्यामुळे आनंदच्या वाट्याला त्यात फार थोडी जागा आली आहे. दोघांनी तिरंग्याबरोबर बाबासाहेबांचे छायाचित्र शिखरावर नेले होते, हे मी आमच्या मुलांना मुद्दाम सांगितले. 8,848 मीटर उंचीवर बाबासाहेब पोहोचले ते दोन मागास वस्त्यांमधल्या लेकरांच्या खिशातून.

चित्रपट संपला. लेकरे टाळ्या वाजवत होती. मी ताईंकडे पाहिले. त्या अजून पडद्याकडेच पाहत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ, त्या लेकराइच्या कमरीले दोर हाय. माह्या भावाच्या कमरीले नव्हता."

वाचकहो, एवढ्या वर्षांच्या चळवळीत मी पुष्कळ भाषणे ऐकली. पण त्या एका वाक्याने माझी दोन रात्रींची झोप गेली. कारण साहसाच्या सगळ्या चित्रपटांचे मर्म त्यात आहे. एकच उंची, एकच दरी. एक माणूस आवडीने चढतो. त्याला दोर, टोपी, प्रशिक्षक, डॉक्टर, विमा हे सगळे मिळते आणि वर त्याच्यावर चित्रपट निघतो. दुसरा पोटासाठी चढतो. त्याला दोरही मिळत नाही आणि पडला तर त्याचे नाव हजेरीपटावरही सापडत नाही.

ज्या 2014 सालाने आपल्याला पूर्णा आणि आनंद दिले त्याच सालच्या आणखी दोन तारखा सांगतो. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात निकाल दिला की 1993 पासून गटारात उतरून मेलेल्या प्रत्येक सफाई कामगाराच्या वारसाला दहा लाख रुपये द्यावेत. पुढे 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ही रक्कम तीस लाख केली. वर चढण्याचे साहस जग पाहते. मॅनहोलमध्ये खाली उतरणाऱ्याकडे कोणता कॅमेरा वळतो? तिथे उतरणारे हात बहुतेक कोणत्या समाजाचे असतात, हे ह्या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरी तारीख 18 एप्रिल 2014. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेवर खुंबूचा हिमप्रपात लागतो. घराएवढे बर्फाचे तुकडे तिथे सतत सरकत असतात. त्या पहाटे वरून बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार ठार झाले. बहुतेक शेर्पा. ते स्वतः शिखर चढायला निघाले नव्हते. परदेशी गिऱ्हाइकांचे तंबू, दोर, प्राणवायूच्या नळ्या आणि शिधा पाठीवर घेऊन ते पुढचा तळ उभारायला चालले होते. गिऱ्हाईक त्या जीवघेण्या वाटेने मोजक्या वेळा जातो. हमाली करणाऱ्याला तीच वाट एका हंगामात पुन्हा पुन्हा तुडवावी लागते.

जेनिफर पीडम ह्या ऑस्ट्रेलियन बाईंचे चित्रीकरण पथक त्या वेळी तिथेच होते. त्यांचा 'शेर्पा' हा माहितीपट 2015 साली आला. माझ्या मते गिर्यारोहणावरचा आपण पाहावा असा हा पहिला चित्रपट आहे. त्यात फुर्बा ताशी नावाचा शेर्पा आहे. तोवर तो एकवीस वेळा एव्हरेस्टवर गेला होता, आणि घरी त्याची माणसे म्हणत होती की आता पुरे. अपघातानंतर नेपाळ सरकारने मृतांच्या घरच्यांना तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा कामगारांचा संताप उसळला. त्यांनी ठरवले, यंदा काम नाही. सोबतीच्या मृतदेहांवरून चालत जाऊन गिऱ्हाइकांना शिखरावर न्यायचे नाही. तेव्हा एक परदेशी गिऱ्हाईक मोहिमेच्या प्रमुखाला विचारतो, ह्यांच्या मालकांशी बोलता येणार नाही का? मालक! एकविसाव्या शतकात पैसे मोजून आलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघालेला हा शब्द. आपल्या आज्यांनी वाड्याच्या दाराबाहेर उभे राहून तो ऐकलेला आहे. त्या वर्षी शेर्पांनी काम केले नाही आणि नेपाळकडून जवळपास सगळा हंगाम बंद पडला. संघटित व्हा, संघर्ष करा, हे बाबासाहेबांचे सांगणे त्यांच्या कानावर गेले होते की नाही कोण जाणे, पण वागले ते तसेच.

पूर्णा आणि आनंद त्याच वसंतात तिबेटच्या बाजूने चढत होते. नेपाळकडून सोळा वर्षांखालच्या मुलांना परवानगी मिळत नसल्यामुळे त्यांना तिकडून जावे लागले होते.

शेर्पांची गोष्ट निघाली म्हणजे तेनझिंग नोर्गे यांची आठवण होतेच. आपण शाळेत शिकलो की 29 मे 1953 रोजी हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर पोहोचले. त्या मोहिमेवर त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'द कॉन्क्वेस्ट ऑफ एव्हरेस्ट' हा माहितीपट निघाला आणि जगभर गाजला. तेनझिंग गुराख्याचा मुलगा, बौद्ध घरातला, शाळेचे तोंड न पाहिलेला. 1935 साली तो ओझी वाहणारा हमाल म्हणून पहिल्यांदा ह्या पर्वतावर गेला. सहा वेळा जाऊनही शिखर मिळाले नाही, सातव्या वेळी मिळाले. वर पोहोचल्यावर त्याने बर्फात लहानसा खड्डा करून त्यात थोडा खाऊ श्रद्धेने ठेवला. पुढे 1954 साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा तिथे प्रशिक्षणाचा प्रमुख म्हणून त्याचीच नेमणूक झाली. साठ वर्षांनी पूर्णा आणि आनंद चढायला शिकले ते ह्याच संस्थेत. एका हमालाने शिकवायला सुरुवात केली आणि तिथे मजुरांची लेकरे शिकली. विद्येचा वारसा म्हणतात तो हाच.

महिला वाचकांसाठी 'माउंटन क्वीन' हा ल्हाक्पा शेर्पा हिच्यावरचा माहितीपट सुचवतो. 2024 साली तो घरोघरी मोबाईलवर पाहण्यासारखा झाला. लिहिता-वाचता न येणारी ही नेपाळी बाई 2000 साली एव्हरेस्ट चढून सुखरूप खाली आली. असे करणारी ती पहिली नेपाळी महिला. 2022 पर्यंत ती दहा वेळा वर जाऊन आली. इतक्या वेळा दुसरी कोणतीही बाई गेली नाही. आणि खाली? खाली अमेरिकेत ती एका दुकानात भांडी घासत होती. नवऱ्याची मारझोड तिने वर्षानुवर्षे सोसली, शेवटी दोन मुलींना घेऊन बाहेर पडली. पर्वतापेक्षा घरातली चढण अवघड असते, हे आपल्या भगिनींना मी काय सांगणार?

मराठीत म्हणाल तर 2019 चा 'हिरकणी' आहे. प्रसाद ओक यांचे दिग्दर्शन, सोनाली कुलकर्णी नायिका. दूध विकायला रायगडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हे बाळ. ती काळोखात कडा उतरते. ही लोककथा आहे, इतिहासाचे पुरावे मागू नयेत. पण तिच्यात आवडीचे साहस कुठेच नाही. बाळ उपाशी आहे म्हणून उतरली. आपल्या वस्तीतल्या आया रोज अशाच कुठल्या ना कुठल्या कड्यावरून उतरतात, फक्त त्यांच्या नावाने कोणी बुरूज बांधत नाही.

बर्फावरून घसरत जाण्याचे आणि समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याचे चित्रपटही पोरे मोबाईलवर पाहतात. वऱ्हाडात ना बर्फ ना समुद्र, म्हणून त्यांविषयी थोडक्यात सांगतो. परदेशात हे पैसेवाल्यांचे खेळ समजले जातात. पण तामिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवलम गावात मूर्ती मेगावन ह्या कोळी तरुणाने मच्छीमारांच्या पोरांना लाटेवर उभे राहायला शिकवले आणि त्यासाठी शाळा काढली. समुद्र त्यांचाच होता, फक्त फळी नवी होती. हा विचार मला आवडला. मेळघाटचा डोंगर आपल्या उशाशी आहे. मग डोंगराचे खेळ मुंबई-पुण्याच्या पोरांनीच का शिकावेत?

काही जण म्हणतील, आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, अत्याचाराचे प्रश्न असताना हे डोंगर चढण्याचे खूळ कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यातला एक प्रसंग उत्तर म्हणून ठेवतो. 1934 साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जायची इच्छा दाखवली. बाबासाहेबांसह मंडळी वेरूळची लेणी पाहायला निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून दरवाजाजवळच्या लहान हौदावर त्यांनी तोंड-हात-पाय धुतले. एवढ्यावरून तलाव बाटवला असा आरडाओरडा झाला, जमाव जमला, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. शेवटी किल्ल्यातल्या पाण्याला कुठेही शिवायचे नाही ह्या अटीवर आत सोडले आणि पाळत ठेवायला एक हत्यारी शिपाई सोबत दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या समाजाच्या नेत्याला गड पाहताना शिपायाच्या पहाऱ्यात फिरावे लागले, त्या समाजाच्या मुलीने गळ्यात पाण्याची बाटली अडकवून मोकळेपणाने कडा चढणे हे खूळ आहे काय? माझ्या मते तोही हक्काचाच प्रश्न आहे. महाडला पाण्याचा हक्क मागितला. वारा, उंची आणि मोकळे आभाळ ह्यांवरही आपला हक्क आहे.

महाराष्ट्रातही ह्याची सुरुवात झालेली आहे. 2018 साली आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टला गेले. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण त्या मे महिन्यात शिखरावर पोहोचले. विदर्भातल्या ह्या लेकरांवर कोणीतरी जिव्हाळ्याने चित्रपट करावा. आणि शिखराचा हार वाळल्यावर त्यांच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे काय झाले, हेही त्यात दाखवावे.

तरुण मुलांना मात्र दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नाही. चिखलदऱ्याला जाऊन कठड्याबाहेर पाय सोडून फोटो काढणे आणि घाटात हात सोडून मोटारसायकल चालवणे ह्याला साहस म्हणत नाहीत. 'फ्री सोलो' हा माहितीपट तुम्ही मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहता. ॲलेक्स होनॉल्ड हा अमेरिकन 3 जून 2017 रोजी एल कॅपिटन हा सुमारे 900 मीटरचा सरळ कडा दोराशिवाय चार तासांच्या आत चढला. तेवढाच तुकडा तुम्ही पाहता आणि चेव चढतो. पूर्ण चित्रपट पाहा. त्याआधी तो त्याच कड्यावर दोर लावून कितीतरी वेळा चढला होता, प्रत्येक पकड त्याने वहीत टिपून पाठ केली होती. एकदा मन साशंक झाले तर मध्येच परत फिरला. तरीसुद्धा तसे करण्याचा सल्ला मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाची, म्हणजे सदैव जागे राहून वागण्याची शिकवण दिली. चांगला गिर्यारोहक गाठ बांधल्यावर ती दोनदा तपासतो, सोबत्याकडून तिसऱ्यांदा तपासून घेतो. मला तर तो अप्रमादाचाच धडा वाटतो.

आता ताईंच्या कागदाकडे परत येतो. सोमवारी त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "वाचा पूर्ण." मी वाचू लागलो. खाली बारीक अक्षरात हमीपत्र होते: शिबिरात झालेल्या कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. असली वाक्ये मी आयुष्यात शेकड्यांनी वाचली आणि लोकांच्या सह्या घेतल्या. कधी थांबलो नाही. ताईंनी थांबवले. "दोर थे बांधतीन, पोरगी आपली, अन् जबाबदारी कोनाचीच नाही? हे कसं जमन, भाऊ? माह्या भावाच्या टायमाले बी ठेकेदार हेच म्हने."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी मजुरी बुडवली आणि आम्ही शाळेत गेलो. शिक्षकांनी आयोजकांशी फोनवर बोलणे करून दिले. ताईंनी स्वतः विचारले. दोर किती वर्षांचे? शिकवणारा कोठे शिकला? मुलींबरोबर बाई आहे का? पडली तर दवाखाना किती लांब? मी फक्त विम्याचे आणि नोंदणीचे विचारले, कारण साहसी पर्यटनाबाबत राज्य शासनाने 2021 साली धोरण आणले आहे आणि आयोजकांनी नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. पलीकडचा माणूस भला निघाला. त्याने न रागावता सगळी उत्तरे दिली, विम्याचा कागद पाठवला आणि हमीपत्रातले ते वाक्य बदलून सुरक्षिततेची साधने पुरवण्याची जबाबदारी आयोजकांची असे लिहून दिले. इतकी वर्षे एवढे कोणी विचारलेच नव्हते, असे तो म्हणाला. बाकी शिबिराचे 2,800 रुपये बायकांच्या बचत गटाने उसने दिले. ताई दरमहा दोनशे फेडतात.

पालकांनो, तुमच्यापुढे असा कागद आला तर घाबरून नाही म्हणू नका, आणि न वाचता सहीही करू नका. वर लिहिलेले प्रश्न कापून ठेवा. विचारणाऱ्याला अडाणी समजणाऱ्या आयोजकाकडे लेकरू पाठवू नका.

मुलगी चार दिवसांनी परत आली. गुडघे सोलवटलेले, चेहरा उन्हाने रापलेला, आणि बोलणे थांबेना. ताईंना आधी गुडघेच दिसले. रागावल्या, मग हळद लावत बसल्या. संध्याकाळी मी गेलो तर पोरीने बाजेचा दोर सोडून घेतला होता आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ आईच्या कमरेला बांधून दाखवत होती. कितीही ओढली तरी ती सरकत नाही. ताईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. पुन्हा ओढली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे गाठ आपल्या वस्तीतल्या रंगाच्या कामावर जानाऱ्या पोराइले शिकव."

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात 'शेर्पा' दाखवणार आहोत. त्याआधी अर्धा तास ही मुलगी ती गाठ शिकवणार आहे. पण नुसत्या गाठीने भागत नाही. परांचीवर चढताना पट्टा आणि टोपी मागणे हा कामगाराचा हक्क आहे, ती देणे हे ठेकेदाराचे कर्तव्य आहे. ज्यांनी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केले आहे त्यांनी त्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो घेऊन यावे. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीचे अर्ज मी तिथेच बसून भरून देईन. ताईंच्या भावाचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. तुमचे असू द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.